संपर्कभंग : रेल्वे व संगणकसमूह यांतील

संपर्कभंग : परस्परांना संदेश पाठवून एकच काम वाटून करणाऱ्या दोन किंवा अधिक केंद्रांमधील संदेशवहन अकस्मात बंद पडण्याच्या स्थितीस संपर्कभंग म्हणतात. अशा वेळी प्रत्येक केंद्रापुढे एकच प्रश्न उभा राहतो : पलीकडचे केंद्र बंद पडले आहे, की ते चालू असून केवळ मधली तार तुटली आहे ? उत्तर न येणे ही खूण दोन्ही परिस्थितींत सारखीच असते. पलीकडचे केंद्र बंद पडले असे मानून त्याचे काम आपल्या हाती घ्यावे आणि ते प्रत्यक्षात चालू निघावे, तर एकच काम दोघांकडून परस्परविरुद्ध रीतीने होऊ लागते. ते चालू आहे असे मानून थांबून राहावे आणि ते खरोखरच बंद पडलेले असावे, तर सर्व काम ठप्प होते. या पेचाशी एकोणिसाव्या शतकात रेल्वेची व विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकसमूहांची गाठ पडली. दोन्ही क्षेत्रांनी काढलेल्या उपायांत मोठे साम्य आहे. रेल्वेचे उपाय ज्या प्रकारच्या स्थानकावर प्रत्यक्ष वापरात येतात त्याचे उदाहरण म्हणून नाशिक जिल्ह्यातील घोटी हे स्थानक येथे घेतले आहे.

घोटी व लोहमार्ग : घोटी हे इगतपुरी तालुक्यातील भाताच्या बाजारपेठेचे गाव मुंबई–आग्रा महामार्गावर, इगतपुरीच्या पूर्वेस काही किमी. अंतरावर आहे. मुंबईहून भुसावळकडे जाणारा मध्य रेल्वेचा मार्ग थळ घाट (कसारा घाट) चढून इगतपुरीस येतो आणि तेथून घोटी, पाडळी, अस्वली, लहवित, देवळाली या स्थानकांवरून नाशिक रोडला पोहोचतो. मुंबई–ठाणे हा भारतातील पहिला प्रवासी लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला, तो ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने बांधला होता. याच कंपनीने कसारा–इगतपुरी हा घाटातील भाग १८६५ च्या आरंभी वाहतुकीस खुला केला. घाटाचा चढ ३७ मध्ये १ इतका तीव्र असून त्यावर गाड्यांना मागून जोर देण्यासाठी जादा इंजिने लावावी लागतात. १९५१ मध्ये ही रेल्वे नव्याने स्थापन झालेल्या मध्य रेल्वेत समाविष्ट झाली. मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाची हद्द इगतपुरीपाशी संपते आणि घोटीपासून भुसावळ विभाग सुरू होतो. त्यामुळे इगतपुरी व घोटी ही शेजारची स्थानके दोन निरनिराळ्या नियंत्रण कार्यालयांच्या अखत्यारीत येतात. घाटमाथ्यावरील या पट्ट्यात पावसाळा अतिशय जोराचा असतो. इगतपुरीचे वार्षिक पर्जन्यमान सरासरीने सु. ३,००० मिमी. आहे. वादळ, कोसळलेली झाडे, दरडी व विजेचे लोळ यांमुळे तारा तुटण्याचा धोका अशा प्रदेशात नेहमीच अधिक असतो.

कालांतर पद्धतीकडून स्थलांतर पद्धतीकडे : आगगाडीला थांबण्यास बरेच अंतर लागते. समोर गाडी दिसल्यावर ब्रेक लावणे बहुधा पुरेसे पडत नाही. म्हणून रेल्वेच्या प्रारंभीच्या काळात एक गाडी गेल्यावर ठराविक मिनिटांनी दुसरी सोडीत. या कालांतर पद्धतीत पहिली गाडी वाटेत अडकली आहे किंवा कसे, हे मागच्या स्थानकास कळत नसे. काळ लोटला म्हणजे मार्ग मोकळा झाला, हे केवळ गृहीतक होते. त्याऐवजी मार्गाचे खंड (ब्लॉक) पाडावेत आणि एका खंडात एका वेळी एकच गाडी असावी, असा स्थलांतराचा विचार तारायंत्रामुळे शक्य झाला. विल्यम कुक या तारायंत्राच्या इंग्रज संशोधकाने तो १८४२ मध्ये मांडला. भारतात मुंबई, आग्रा व कलकत्ता यांना जोडणारी तारायंत्राची ओळ १८५४ मध्ये उभी राहिली.

तारायंत्र आले तरी धोका संपला नाही, कारण संदेश पोहोचणे व संदेशाचा अर्थ एकच लागणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. इंग्लंडमधील लंडन–ब्रायटन मार्गावरील क्लेटन बोगद्यात २५ ऑगस्ट १८६१ रोजी झालेला अपघात याचे बोलके उदाहरण आहे. बोगद्याच्या एका तोंडाशी असलेल्या संकेतकाने बोगदा मोकळा आहे काय, असे विचारले. त्या वेळी एकामागोमाग दोन गाड्या आत शिरल्या होत्या. दुसऱ्या तोंडाशी असलेल्या संकेतकाने पहिली गाडी बाहेर पडल्याचे पाहून होकारार्थी उत्तर दिले. प्रश्न विचारणाऱ्याने ते दुसऱ्या गाडीविषयीचे मानले आणि तिसरी गाडी आत सोडली. आत थांबून मागे येऊ लागलेल्या दुसऱ्या गाडीवर ती आदळून २३ माणसे मृत्युमुखी पडली. संदेश कोणत्या गाडीविषयीचा आहे हे त्या संदेशातच नमूद नव्हते, हे या अपघाताचे एक प्रमुख कारण होय.

कालांतर पद्धतीचा शेवट आयर्लंडमधील आर्मा येथील अपघाताने झाला. १२ जून १८८९ रोजी सहलीस निघालेली एक गाडी चढावर अडली. ती दोन भागांत तोडून पुढचा भाग आधी नेण्याचे ठरले, तेव्हा मागचा भाग उतारावरून घरंगळत जाऊन मागून येणाऱ्या गाडीवर आदळला. ही गाडी केवळ २० मिनिटांच्या अंतराने सोडण्यात आली होती. या अपघातात सु. ८० माणसे दगावली, त्यांत मुलांची संख्या मोठी होती. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून प्रवासी मार्गांवर स्थलांतर पद्धती सक्तीची केली.

एकेरी मार्गावर समोरासमोर टकरीचा धोका असतो. इंग्लंडमधील थॉर्प येथे १८७४ मध्ये तारेने दिलेल्या आज्ञेतील गोंधळामुळे अशी टक्कर झाली. त्यानंतर एडवर्ड टायर याने १८७८ मध्ये बिल्ल्यांची विद्युत् यंत्रणा प्रचारात आणली. खंडाच्या दोन्ही टोकांस असलेली यंत्रे तारेने अशी जोडलेली असतात की, दोहोंत मिळून एका वेळी एकच बिल्ला बाहेर काढता येतो. तो चालकाच्या हाती असल्याशिवाय गाडी खंडात शिरू शकत नाही. भारतीय रेल्वेवर पुढे रूढ झालेली नील्स बॉल टोकन पद्धती याच तत्त्वावर आधारलेली आहे. या यंत्रातील तार तुटली, तर बिल्ला निघतच नाही. अधिकार नसेल तेथे गाडी नाही, असा हा साधा नियम आहे.

‘लाइन क्लियर’ची रीत : घोटी ज्या मार्गावर आहे तो दुहेरी आहे. दुहेरी मार्गावर प्रत्येक रुळावरून एकाच दिशेने गाड्या जातात, त्यामुळे तेथे मुख्य धोका मागून टक्कर होण्याचा असतो. ब्लॉक उपकरणांच्या पारंपरिक पद्धतीत घोटीहून पाडळीकडे गाडी सोडावयाची झाल्यास घोटीचे स्टेशन मास्तर पाडळीकडून ‘लाइन क्लियर’ मागतात. पाडळीचे स्टेशन मास्तर मागची गाडी संपूर्ण आत आल्याची खात्री करून ती देतात. ब्लॉक उपकरणाच्या तबकडीवर मार्ग बंद, मार्ग मोकळा व गाडी मार्गावर अशा तीन स्थिती दाखविल्या जातात. मार्ग मोकळा असल्याची स्थिती पलीकडून येत नाही तोवर स्थानकाचा शेवटचा संकेत कुलूपबंद राहतो. या उपकरणाचा महत्त्वाचा गुण असा की, तारेतील विद्युत् प्रवाह थांबला तर काटा आपोआप मार्ग बंद या स्थितीवर येतो. म्हणजे मौनाचा अर्थ नकार असाच घेतला जातो. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन याने १८७२ मध्ये पेटंट घेतलेले रुळांचे विद्युत् मंडलही असेच वागते. रूळ तुटला किंवा वीज गेली, तर ते मंडल मार्ग व्यापलेला असल्याचे दाखविते.

संदेश तोंडी द्यावा लागल्यास त्यासोबत ‘प्रायव्हेट नंबर’ दिला जातो. प्रत्येक स्टेशन मास्तरांपाशी दोन अंकी संख्यांचा तक्ता असतो. त्यातील संख्या क्रमाने वापरून खोडली जाते व दोन्ही स्थानकांच्या नोंदवहीत उतरवली जाते. हा संदेश कोणी, कोणत्या गाडीसाठी दिला व तो समजून दिला होता काय, याचा त्यामुळे पुरावा राहतो. क्लेटन येथे नेमकी हीच गोष्ट नव्हती.

संदेशवहन पूर्णतः बंद पडल्यास : भारतीय रेल्वेच्या नियमांत संपर्काच्या साधनांचा उतरता क्रम ठरलेला आहे. ब्लॉक उपकरण चालत नसेल तर त्यास जोडलेला दूरध्वनी, तोही नसेल तर स्थानकांमधील इतर दूरध्वनी, नंतर कंट्रोल टेलिफोन व अखेरीस व्ही. एच. एफ. बिनतारी संच वापरतात. ही साधने संख्येने अनेक असली, तरी एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून जाणाऱ्या तारा एकदमच तुटू शकतात. म्हणून वेगळ्या माध्यमातून जाणाऱ्या बिनतारी संचाचे महत्त्व विशेष आहे.

सर्व साधने निकामी झाली, तरी गाड्या कायमच्या थांबवून ठेवीत नाहीत. दुहेरी मार्गावर गाडी स्थानकात थांबवून लोको पायलटला परिस्थितीची कल्पना देतात आणि एक विशेष लेखी परवाना देतात. ‘लाइन क्लियर’शिवाय पुढे जाण्याची मुभा, शेवटचा संकेत धोक्याच्या स्थितीत असताना ओलांडण्याचा अधिकार व वेगमर्यादेची सूचना ही त्यात एकत्र असतात. मार्ग सरळ व समोरचे दृश्य स्वच्छ असेल तर ताशी २५ किमी. आणि वळण, पाऊस, धुके इत्यादींमुळे ते स्वच्छ नसेल तर ताशी १० किमी. यापेक्षा अधिक वेगाने जाता येत नाही. एका गाडीमागून दुसरी सोडण्यापूर्वी ३० मिनिटांचे अंतर ठेवावे लागते. गाडी वाटेत थांबल्यास ट्रेन मॅनेजर (पूर्वीचे गार्ड) मागच्या रुळावर फटाके लावून तिचे संरक्षण करतात. आर्मा येथे त्याज्य ठरलेली कालांतर पद्धतीच येथे पुन्हा वापरली जाते, परंतु समोर अडथळा दिसल्यावर गाडी थांबविता येईल इतका वेग कमी करूनच. सुरक्षिततेचा भार तारेवरून चालकाच्या नजरेवर येतो आणि त्याची किंमत मार्गाच्या क्षमतेत मोजावी लागते. तासाला दोनपेक्षा अधिक गाड्या एका दिशेने सोडता येत नाहीत.

एकेरी मार्गावर नियम अधिक कडक आहेत. तेथे प्रथम एक सुटे इंजिन किंवा तत्सम वाहन सावकाश पलीकडच्या स्थानकाकडे धाडून संपर्क पुन्हा प्रस्थापित करतात. दोन्ही स्थानकांनी एकाच वेळी असे वाहन धाडले असण्याची शक्यताही नियमकर्त्यांनी विचारात घेतली आहे.

घाटातील ‘कॅच सायडिंग’ हा याच विचाराचा आणखी एक आविष्कार होय. घाट उतरणाऱ्या मार्गावर ठराविक ठिकाणी सांधा एरवी चढाच्या आडमार्गाकडे वळविलेला असतो. गाडी थांबून ती ताब्यात असल्याचे दाखवील, तरच मुख्य मार्ग तिच्यासाठी खुला केला जातो. ताबा सुटलेली गाडी आपोआप आडमार्गावर जाते व खालच्या गाड्या सुरक्षित राहतात.

संगणकसमूहांतील संपर्कभंग : बँका, विमान आरक्षण, शेअरबाजार यांसारख्या सेवा क्षणभरही बंद पडू नयेत म्हणून एका संगणकाऐवजी अनेक सर्व्हरांचा समूह (क्लस्टर) वापरतात. एक बंद पडला तर त्याचे काम दुसरा उचलतो. अमेरिकेतील टँडेम कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणलेली नॉनस्टॉप ही या प्रकारची आरंभीची यशस्वी व्यवस्था होय. तिच्यातील प्रत्येक प्रक्रियक आपण जिवंत असल्याचा लहानसा संदेश ठराविक काळाने इतरांना पाठवीत असे. अशा संदेशाला ‘हार्टबीट’ (हृदयस्पंद) हे नाव रूढ झाले. स्पंद थांबले की तो घटक मृत मानला जातो. मात्र सर्व्हर वेगवेगळ्या खोल्यांत वा शहरांत असले आणि ते नेटवर्कने जोडलेले असले, तर स्पंद थांबण्याचे कारण सर्व्हरचा मृत्यू असेल की तारेची तूट, हा रेल्वेचा जुनाच प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. दोन्ही भाग स्वतःला मुख्य समजून एकाच माहितीसाठ्यावर लिहू लागले, तर साठा बिघडतो. या स्थितीस ‘स्प्लिट ब्रेन’ म्हणजे दुभंगलेला मेंदू म्हणतात.

संदेशवहन भरवशाचे नसेल, तर दोन पक्षांचे पूर्ण एकमत केवळ संदेशांच्या देवघेवीने होऊ शकत नाही, हे ‘दोन सेनापतींचे कोडे’ या नावाने १९७० च्या दशकात स्पष्ट झाले. शेवटचा निरोप पोहोचला किंवा नाही, याची शंका नेहमीच उरते. फिशर, लिंच व पॅटरसन यांनी १९८५ मध्ये याहून व्यापक सिद्धांत मांडला. संदेशास किती वेळ लागेल यावर मर्यादा नसेल आणि एक जरी घटक बंद पडू शकत असेल, तर ठराविक काळात निश्चितपणे एकमत घडवून आणणारी कोणतीही निर्धारित रीत असू शकत नाही. स्पंदासाठी किती वेळ थांबावे हा आकडा म्हणूनच अखेर व्यवहाराचा निर्णय ठरतो. तो फार लहान घेतला तर जिवंत सर्व्हर मृत ठरतात व फार मोठा घेतला तर सेवा खोळंबते.

यावरचा पहिला उपाय गणपूर्तीचा (कोरम) होय. ग्रामसभेत गणपूर्ती नसेल तर निर्णय वैध ठरत नाही, तशीच ही कल्पना आहे. मात्र येथे निम्म्याहून अधिक मते असणे आवश्यक असते, कारण एका समूहाचे दोन तुकडे झाले तर दोघांकडेही बहुमत असणे अशक्य असते. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९८३ मध्ये जाहीर केलेल्या व्हॅक्सक्लस्टरमध्ये प्रत्येक संगणकास मते असत आणि दोनच संगणक असल्यास सामाईक डिस्कला तिसरे मत देता येई. अल्पमतातील तुकडा स्वतःचे काम थांबवितो. लेस्ली लॅम्पोर्ट यांची पॅक्सॉस (प्रसिद्धी १९९८) आणि ऑन्गारो व औस्टरहौट यांची राफ्ट (२०१४) या रीती बहुमताच्याच पायावर उभ्या आहेत. राफ्टमध्ये प्रत्येक नेतृत्वकाळास चढता क्रमांक असतो. जुन्या क्रमांकाचा आदेश उशिरा पोहोचला तर तो नाकारला जातो. क्लेटनच्या संकेतकांना असा क्रमांक लाभला असता, तर उत्तर कोणत्या गाडीचे आहे हे कळले असते.

दुसरा उपाय एकाकी पडलेल्या सर्व्हरने स्वतःची अवस्था ओळखण्याचा आहे. व्हीएमवेअर कंपनीच्या २००६ पासूनच्या व्यवस्थेत इतरांचे संदेश येणे थांबले, की सर्व्हर एका ठरवून दिलेल्या पत्त्यावर, बहुधा नेटवर्कच्या द्वारावर, हाक देऊन पाहतो. तेथूनही उत्तर आले नाही तर तो स्वतःस विलग समजतो आणि आपल्यावरील आभासी संगणक चालू ठेवावेत की बंद करावेत, हे आधी दिलेल्या सूचनेनुसार ठरवितो. २०११ पासून यात सामाईक साठ्यावर उमटणाऱ्या स्पंदांची भर पडली. नेटवर्कवर मौन असले तरी साठ्यावर स्पंद दिसत असेल, तर सर्व्हर मृत नसून विलग आहे, असा निष्कर्ष काढता येतो. वेगळ्या माध्यमातून मिळणारी ही खूण बिनतारी संचाचे काम करते.

तिसरा उपाय ‘फेन्सिंग’ म्हणजे संशयित सर्व्हरला साठ्यापासून तोडण्याचा होय. त्याची वीज बंद करून किंवा साठ्याचे दार त्याच्यापुरते लावून घेऊन, मगच त्याचे काम दुसऱ्याकडे सोपवितात. तो जिवंत आहे की मृत याचे उत्तर शोधण्याऐवजी ते उत्तर निश्चित केले जाते. कॅच सायडिंगचा हेतूही असाच आहे.

काही घटना : गिटहब या संगणकीय संहितांच्या सेवेत २१ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील संपर्क केवळ ४३ सेकंद तुटला. तेवढ्या वेळात पलीकडच्या घटकांनी बहुमत जमवून मुख्य साठ्याचा अधिकार पश्चिम किनाऱ्याकडे नेला. पूर्वेकडे त्याआधी लिहिलेल्या काही नोंदी पश्चिमेस पोहोचल्या नव्हत्या. दोन्हीकडे निरनिराळ्या नोंदी झाल्याने साठे जुळविण्यास २४ तास ११ मिनिटे सेवा विस्कळीत राहिली. बहुमत हा उपाय असला, तरी नोंदींच्या प्रती वेळेवर पोहोचल्या नसतील तर तोच पुरेसा ठरत नाही, हे त्यातून दिसले.

मुंबईतील नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमध्ये २४ फेब्रुवारी २०२१ रोजी याच्या उलट घडले. दोन दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या अस्थिर झाल्या, त्यातून साठ्याच्या यंत्रणेवर परिणाम झाला आणि जोखीम नियंत्रणाची व्यवस्था उपलब्ध राहिली नाही. सकाळी ११·४० वाजता व्यवहार थांबविण्यात आले व ते दुपारी ३·४५ वाजता पुन्हा सुरू झाले. व्यवहार पर्यायी केंद्राकडे हलविण्यात आले नाहीत. पुढील महिन्यात सेबीने परिपत्रक काढून, महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यास ३० मिनिटांच्या आत आपत्ती घोषित करावी व त्यानंतर ४५ मिनिटांत कामकाज पूर्ववत करावे, असे बंधन घातले. वाट पाहण्याची मर्यादा अशा रीतीने नियमाने ठरविली गेली.

तुलना : दोन्ही क्षेत्रांत मौन म्हणजे संमती नव्हे, अधिकार एका वेळी एकाकडेच असावा, संदेशावर ओळखीचा क्रमांक असावा आणि पर्यायी मार्ग खरोखर स्वतंत्र असावा, ही तत्त्वे समान आहेत. भेद इतकाच की, संशयित सर्व्हरची वीज तोडता येते, परंतु खंडात अडकलेली गाडी नाहीशी करता येत नाही. तिच्यात माणसे असतात. म्हणून रेल्वेत कोणीतरी सावकाश पुढे जाऊन प्रत्यक्ष पाहून येणे, हाच अखेरचा उपाय राहिला. एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडलेल्या व गिल्बर्ट आणि लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलेल्या सिद्धांतानुसार संपर्क तुटलेला असताना सुसंगती व अखंड सेवा या दोहोंपैकी एकीचा त्याग करावाच लागतो. भर पावसात तारा तुटल्यावर घोटीसारख्या स्थानकात गाडी अर्धा तास थांबवून ठेवणारा नियम हाच त्याग पूर्वीपासून करीत आला आहे. त्यात प्रवाशांचा वेळ जातो, परंतु पुढच्या गाडीतील प्रवासी सुरक्षित राहतात.